पडून असताना विचारू नका, खोकायला लावून विचारा : ऑपरेशननंतरचं दुखणं

वॉर्डातली_अक्का (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मागे इथे गुडघेबदलाच्या खर्चावर शंभरभर प्रतिसाद पडले. ऑपरेशननंतर माणसाला जे दुखतं त्यावर मात्र कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. मी सोलापुरात एका खासगी हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. रोजचंच काम आहे, म्हणून लिहायला घेतलं.

सकाळचा राऊंड कसा होतो बघा. हर्नियाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. डॉक्टर विचारतात, "काय आप्पा, दुखायलंय का?" आप्पा छताकडे बघत म्हणतात, "नाय, बरं हाय." केसपेपरवर 'दुखणे नाही' लिहिलं जातं आणि राऊंड पुढच्या कॉटकडे सरकतो. मग मी म्हणते, "आप्पा, जरा खोका बघू." आप्पांचा हात आपोआप टाक्यांवर जातो, डोळे मिटतात आणि घशातून नुसता 'हक्' असा आवाज येतो. आप्पांना दुखत नव्हतं, कारण आप्पा कालपासून हललेच नव्हते.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. दुखणं विचारायचं ते हालचाल करायला लावून. खोका, कुशीवर वळा, उठून बसा, आणि मग सांगा किती दुखतंय. स्वस्थ पडलेल्या माणसाचं उत्तर धरून औषध ठरवलं की तो दिवसभर ओंडक्यासारखा पडून राहतो. खोल श्वास घेत नाही म्हणून छातीत कफ साठतो, त्यातून न्यूमोनिया. पाय हलवत नाही म्हणून पोटरीत रक्ताची गुठळी व्हायची भीती. आतडी सुस्त, पोट फुगलेलं, गॅस पास होत नाही. नातेवाईक मात्र खूश, "पेशंट शांत झोपलाय."

किती दुखतंय हे मोजायला शून्य ते दहाची पट्टी असते. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. शिकलेल्या पेशंटला जमतं. खेड्यातल्या आज्जींना "दहापैकी किती?" विचारलं की त्या माझ्याकडेच बघत बसतात. त्यांना मी आण्यात विचारते. "सोळा आणे दुखणं धरलं तर आता किती आणे राहिलंय?" लगेच उत्तर येतं, "इंजेक्शन दिल्यापासनं सहा आणे हाय बघ. वळलं की बारा." याहून चांगली नोंद मला कुठल्या पट्टीवर मिळालेली नाही. फक्त कागदावर लिहिताना दहाच्या हिशेबात बदलून घ्यावी लागते.

आपल्याकडची आणखी एक अडचण. यंत्रमागावर उमेदीची वर्षं घातलेली माणसं कानानं मंद झालेली असतात. आपण काही विचारलं की ऐकू आलं नाही तरी भिडेपोटी मान हलवून "हां हां" म्हणतात. मास्क लावून बोललो तर ओठही दिसत नाहीत. अशांना चेहऱ्यांचा तक्ता दाखवायचा, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि बोट ठेवायला लावायचं. अगदी लहान मुलांचं तर बघूनच ठरवायचं. चेहरा, पाय, अंगाची चुळबुळ, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होतं का, अशा पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. पेनकिलर 'एसओएस' लिहिलेली असते, म्हणजे लागेल तशी. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? पेशंट आधी तासभर सोसतो. मग लेकाला सांगतो. लेक काउंटरवर येतो, सिस्टर दुसऱ्या कॉटवर सलाईन लावत असते. मग फाईल काढायची, चिठ्ठी लिहायची, लेक खाली मेडिकलला पळणार, तिथे रांग. इंजेक्शन शिरेत जाईपर्यंत दुखणं डोक्यावर जाऊन बसलेलं असतं, आणि एकदा तिथं गेलं की तेवढ्याच डोसात उतरत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस तरी ठरल्या वेळी औषध, आणि मध्ये वर आलंच तर एसओएस वेगळं, अशी ऑर्डर मी डॉक्टरांकडून मागून घेते. ड्रेसिंगच्या किंवा चालवायच्या आधी अर्धा तास डोस जाईल असं बघते. शिरेतून दिलं तर अर्ध्या तासानं आणि गोळी दिली तर तासाभरानं परत विचारायचं. हे परत विचारणं आमच्याकडे सगळ्यात जास्त राहून जातं.

आता बिनऔषधाचं. पोटाचं ऑपरेशन असेल तर डोक्याकडची बाजू वर आणि गुडघ्यांखाली उशी. पोटाचे स्नायू सैल पडतात, टाक्यांवरचा ताण जातो. खोकताना घरची सोलापुरी चादर घट्ट घडी करून पोटावर दाबून धरायची. उशीपेक्षा चादर चांगली, उशी दबते, चादरीची घडी दबत नाही. उठताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडायचे, मग हाताच्या रेट्यानं बसायचं.

आणि इंजेक्शन भरायच्या आधी एकदा बघून घ्या : लघवी तुंबलीय का? कमरेतून भूल दिली की लघवीची जाणीव काही तास नसते. पेशंट तळमळतो, घाम येतो, बीपी वाढतं, सगळे म्हणतात टाके दुखतात. ओटीपोटावर हात ठेवला तर मूत्राशय टम्म. लघवी झाली की पेशंट दोन मिनिटांत झोपतो. तसंच सलाईनची सुजलेली शीर, अंगाखाली अडकलेली नळी, ओली चादर, कोरडं पडलेलं तोंड. तोंडाने काही द्यायचं नसलं तरी ओल्या कापसानं ओठ पुसता येतात, चूळ भरून टाकता येते.

तुमचे अनुभव लिहा. नातेवाईकांनी, नर्सिंगवाल्यांनी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी.

---

रातपाळी

अक्का, चांगला धागा. मी सरकारी वॉर्डात आहे, त्यामुळे चित्र जरा वेगळं. नर्सिंग कौन्सिलच्या कागदावर साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स. रात्री माझ्याकडे किती असतात ते इथं लिहीत नाही, वाचणारे घाबरतील. फरशीवरच्या गाद्या वेगळ्याच.

रात्रीबद्दल एकच. दिवसभर माणसं, चहा, बोलणं, यात दुखणं मागे पडतं. रात्री दोननंतर वॉर्ड शांत झाला की ते एकटं उरतं. मी झोपायच्या वेळचा डोस कधी चुकू देत नाही. "झोपलाय, कशाला उठवा" म्हणून सोडलेला डोस पहाटे चारला तिप्पट वसूल होतो. आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे पेशंट सोपवताना, "पेशंट ठीक आहे" म्हणायचं नाही. शेवटचा डोस किती वाजता, त्याआधी किती होतं, नंतर किती राहिलं, हे तिन्ही सांगायचं.

---

कडक_भाकरी

राग येईल, पण लिहितो. आईची गर्भपिशवी काढली तेव्हा (हॉस्पिटलचं नाव घेत नाही) रात्री तीनदा काउंटरवर गेलो. तिसऱ्या वेळी सिस्टर म्हणाल्या, "पोट फाडलंय काका, एवढं तर दुखणारच." माझी आई पाच जणांचं घर चालवलेली बाई, ती उगाच रडणार नाही. पेनकिलर लिहिलेलं होतं, वेळ झालेली होती. द्यायला काय जात होतं?

घरातलं पण सांगतो. आमचे थोरले बंधू म्हणत होते, "सारखी इंजेक्शनं घेऊ नको, सवय लागेल." म्हणजे एकीकडून सिस्टर देईनात आणि दुसरीकडून घरचेच घेऊ देईनात.

---

वॉर्डातली_अक्का

@कडक_भाकरी, राग बरोबर आहे. "एवढं दुखणारच" हे वाक्य वॉर्डात बंद व्हायला पाहिजे. दुखणार हे खरंच आहे, म्हणून तर औषध लिहिलेलं असतं. रातपाळी म्हणतात तसा कामाचा बोजा असतो, पण बोजा आहे म्हणून पेशंटला गप्प करणं हे त्याचं उत्तर नाही. पुढच्या वेळी काउंटरवर "आईला खूप दुखतंय" असं न म्हणता "शेवटचा डोस दोनला झाला, आता आठ वाजलेत, कुशीवर वळता येईना" असं सांगा. वेळ सांगितली की समोरची फाईल उघडतेच.

सवय लागण्याचं डॉक्टर लोकांनी सांगावं.

---

भूलवाले

मी भूलतज्ज्ञ. सवयीचं आधी. ऑपरेशननंतर दोन-चार दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेल्या वेदनाशामकांनी व्यसन लागण्याची शक्यता फार कमी. दुखतंय म्हणून घेणं वेगळं, दुखायचं थांबल्यावरही घेत राहणं वेगळं. घरी गेल्यावर तीच चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने ट्रॅमाडॉल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) आणणारे आहेत, त्यांची काळजी करा. २०१८ पासून ट्रॅमाडॉलही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय ते उगाच नाही.

आता आम्ही नक्की काय करतो ते. एकाच औषधाचा मोठा डोस देण्यापेक्षा दोन-तीन वेगळ्या वाटांनी जाणारी औषधं थोडी थोडी. पाया पॅरासिटामॉलचा. ५० किलोच्या वरच्या मोठ्या माणसाला शिरेतून १ ग्रॅम, पंधरा मिनिटांत, सहा तासांनी, चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास, दारू असेल तर त्याहून कमी. त्याच्या जोडीला डायक्लोफिनॅकसारखं सूज उतरवणारं, पण किडनीचा त्रास, पोटात अल्सर, दमा असेल तर विचार करून. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंशांत आधीच पाणी कमी पडलेला पेशंट येतो, त्याला तर जपूनच. शिवाय जखमेच्या बाजूच्या नसांना बधिरतेचं इंजेक्शन म्हणजे ब्लॉक. हे सगळं करूनही उरलं तर ट्रॅमाडॉल, फेंटानिल, मॉर्फिन.

नर्सिंगला दोन विनंत्या. पाठीतल्या इंजेक्शनची भूल साधारण दोन ते चार तासांत उतरते. पाय हलायला लागले की पहिला डोस जायला हवा, पेशंट ओरडेपर्यंत थांबू नका. दुसरी, मॉर्फिन वगैरे चालू असेल तर दुखण्याच्या आकड्याइतकंच गुंगीकडे लक्ष. श्वास मंदावण्याच्या आधी गुंगी वाढते. हाक मारल्यावर डोळे उघडून बोलता बोलता परत डोळा लागतोय, श्वास मिनिटाला दहाच्या खाली चाललेत, की पुढचा डोस थांबवायचा, ऑक्सिजन लावायचा आणि आम्हाला फोन. यावरचा उतारा नॅलॉक्सोन, तो ट्रॉलीत आहे का हे ड्यूटीवर आल्या आल्या बघायचं.

---

जुनाखोड

पूर्वी कुठं होतं हे सगळं? आमच्या वडिलांचं अपेंडिक्स काढलं, एक इंजेक्शन दिलं, आठ दिवस पडून राहिले, बरे झाले. आता माणसं फार नाजूक झालीत.

---

रातपाळी

@जुनाखोड, वडील आठ दिवस पडून का राहिले असतील याचा विचार केलात का? आता अपेंडिक्सवाला दुसऱ्या दिवशी चालत संडासला जातो.

---

पूर्व_भाग_वाली

माझ्या माहेरी घरात तेलुगू. आई आयुष्यभर विड्या वळत बसली. तिचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हाचं सांगते. नर्स मराठीत विचारायची, आई मराठीत "बरं आहे" म्हणायची. मी गेले की तेलुगूत अर्धा तास रडगाणं. परक्या भाषेत माणूस जेवढं येतं तेवढंच बोलतो. शेवटी तिथली एक मावशी आमच्याच भागातली निघाली, ती झाडायला आली की तेलुगूत विचारायची आणि जाऊन सिस्टरला सांगायची. विजयपूर, कलबुर्गीकडून येणाऱ्या कन्नड पेशंटांचं पण असंच होत असणार. वॉर्डात कोणाला कुठली भाषा येते एवढी यादी काउंटरवर लावली तरी काम होईल.

अजून एक. आईला मिश्रीची सवय. दुसऱ्या दिवशी ती इतकी बेचैन झाली, उठ-बस, चिडचिड, झोप नाही. सगळे समजले दुखतंय. एक वयस्कर सिस्टर आल्या, दात बघितले आणि विचारलं, "मिश्री लावता का?" तेव्हा उलगडा झाला.

---

वॉर्डातली_अक्का

@पूर्व_भाग_वाली, भाषांची यादी उद्याच लावते. मिश्री-तंबाखूचं तर आम्ही आता भरती करतानाच विचारतो. दारूचंही विचारतो. रोज पिणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरायला, बडबडायला लागला तर ते दुखणं समजून गुंगीचं औषध वाढवायचं नाही, डॉक्टरांना लगेच सांगायचं. नातेवाईकांनी लाजून लपवू नये. बायको समोर असताना कुणी खरं सांगत नाही, म्हणून मी बाजूला घेऊन विचारते.

---

शेंगापोळी

दुर्बिणीनं पित्ताशय काढलं माझं. पोट फारसं दुखलं नाही पण उजवा खांदा असा भरून आला की नवऱ्याला वाटलं हार्ट अटॅक. हे काय असतं?

---

भूलवाले

दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. थोडा आत राहतो, श्वासपटलाच्या खाली साठून त्याला चिडवतो, आणि त्या नसेचं दुखणं खांद्यात जाणवतं. बहुतेकदा दोन-तीन दिवसांत जातं. चाललं की, कूस बदलली की बरं वाटतं. पण छातीत दाब, घाम, धाप असेल तर "गॅसचं आहे" म्हणून बसू नका, ईसीजी काढा.

---

नवी_स्टाफ

मी आत्ताच जॉइन झालेय. कुठलं दुखणं नेहमीचं आणि कुठलं धोक्याचं हे कसं ओळखायचं? भीती वाटते, पेनकिलर दिलं आणि आत काही वेगळंच चाललं असेल तर?

---

वॉर्डातली_अक्का

ही भीती असू दे, चांगली आहे. नेहमीचं दुखणं रोज थोडं थोडं उतरतं. हलल्यावर वाढतं, औषधानं कमी होतं. उतरणीला लागलेलं दुखणं एकदम चढलं तर थांबायचं. आतडं जोडलेला पेशंट चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक कळवळायला लागला, पोट कडक, ताप, नाडी १२० च्या वर, तर तो डोस मागत नाहीये, जोड सुटल्याचं सांगत असेल. डॉक्टरांना आधी फोन.

प्लास्टरचं तर पाठच कर. हाड मोडलेला पेशंट प्लास्टरमध्ये ठणका सांगतो, डोस दिला तरी तसाच, उलट वाढतोच. पायाचं बोट नुसतं हळूच वर ओढलं तरी किंचाळतो. मुंग्या येतात, बोटं बधिर. म्हणजे आतला दाब वाढून रक्त पोहोचत नाहीये. नाडी लागली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, नाडी शेवटपर्यंत लागू शकते. पाय उंच टांगून ठेवायचा नाही, हृदयाच्या पातळीला ठेवायचा. डॉक्टर येऊन प्लास्टर कापेपर्यंत तिथून हलायचं नाही. इथे तासांचा हिशेब असतो. सकाळच्या राऊंडची वाट बघितली तर पाय जातो.

आणि एकच पोटरी दुखते, सुजलीय, गरम लागते, तर नातेवाईकांना आधी सांग, पाय चेपू नका. आपल्याकडे प्रेम म्हणजे पाय चेपणं. गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. इथल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर जास्तच, गावाकडचे यात्रा आणि पेशंट दोन्ही एकाच फेरीत उरकतात. कॉटभोवती सहा जण, त्यातले दोघं पाय धरून बसलेले.

---

जुनाखोड

हे प्लास्टरचं माहीत नव्हतं. नातवाचा हात प्लास्टरमध्ये आहे, आज बोटं हलवून बघितली. ठीक आहेत.

---

मंगळवेढेकर

आमच्या आज्जीचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, परवा डिस्चार्ज. गावी न्यायचंय. आज्जी हूं की चूं करत नाही, त्यामुळे जास्तच काळजी. प्रवासात आणि घरी काय बघायचं?

---

वॉर्डातली_अक्का

गाडी करा, एसटी नको. पुढची सीट मागे झुकवून त्यावर जाड उशी, म्हणजे बैठक उंच होईल आणि खुबा फार दुमडणार नाही. निघायच्या अर्धा तास आधी गोळी, उपाशीपोटी नाही. सांधा बदललाय की रॉड-स्क्रू घातलेत हे डिस्चार्ज कार्डावर बघा. सांधा बदलला असेल तर पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांत उशी, भारतीय पद्धतीचा संडास बंद. कमोडची खुर्ची आजच आणून ठेवा, घरी पोहोचल्यावर धावपळ नको.

डिस्चार्जच्या गोळ्यांची पाकिटं एकदा सिस्टरसमोर उघडून वाचा. पेनकिलरच्या गोळीत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. वर तापाची गोळी म्हणून परत पॅरासिटामॉल, आणि गावातल्या मेडिकलमधून शेजाऱ्यानं आणलेली तिसरी गोळी, तिच्यातही तेच. आज्जीचं वजन चाळीसच्या आसपास असेल तर तिचा डोस धडधाकट माणसापेक्षा कमी, तो डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. ट्रॅमाडॉल असेल तर बद्धकोष्ठ होणार. पाणी, ताक, आणि पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. संडासला जोर लावायची भीती वाटली की म्हाताऱ्या माणसांचं जेवण सुटतं.

आज्जी बोलणार नाही म्हणता, तर ती काय करत नाही ते बघा. जेवताना बसायचं टाळते का, रात्री पाणी पीत नाही का (उठावं लागेल म्हणून), कपाळावर आठी आहे का. सकाळी वॉकर धरून चार पावलं चालवून मगच विचारा, "आज्जी, किती आणे?" ऑपरेशनचा पाय अचानक आखूड दिसला, आत किंवा बाहेर वळला आणि टेकवता येईना, तर गोळी देत बसू नका, गाडी परत सोलापूरला वळवा.